यानाच्या दारावरची ती

मुलांनी टीव्हीवर अवकाशयानांचा सिनेमा लावला, की आपण भाजी निवडता निवडता अर्धामुर्धा बघतोच. त्यातला कॅप्टन लक्षात राहतो, टोकदार कानांचा तो हुशार शास्त्रज्ञही लक्षात राहतो. पण यानाचं रक्षण करणारा सुरक्षा अधिकारी? त्याचं नाव कुणाला आठवतंय का?

खरं म्हणजे सगळ्यात अवघड नोकरी त्याचीच. १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. त्यात लाल सदऱ्यातले सुरक्षा रक्षक अनोळखी ग्रहावर साहेबांबरोबर उतरायचे आणि बिचारे सगळ्यांच्या आधी मरायचे. इतक्या वेळा मरायचे, की तिकडे 'लाल सदरेवाला' म्हणजे ज्याचं मरण आधीच ठरलंय असा माणूस, हा शब्दच रूढ झाला. बहुतेकांना धड नावही नसायचं.

आणि बायका? त्या होत्या, पण उहुरा संदेश घ्यायची-पाठवायची, दुसरी एक नर्स. १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा डोक्याचा गोटा करून यानाची दिशा सांभाळणारी अधिकारी झाली. पण यानाच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी बाईच्या हाती दिसायला १९८७ साल उजाडलं. त्या वर्षी आलेल्या पुढच्या मालिकेत ताशा यार ही तरुणी सुरक्षाप्रमुख होती. कायदा नावालाही उरला नव्हता अशा वस्तीत ती अनाथ म्हणून वाढलेली, बाईवर हात टाकणाऱ्या टोळ्यांपासून लपतछपत जगलेली. सुरक्षित वाटणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पण झालं काय, तर कथेत तिच्या वाट्याला कामच येईना. बहुतेक वेळ नुसतं मागे उभं राहायचं! भूमिका करणाऱ्या डेनिस क्रॉस्बीने शेवटी मालिका सोडली आणि १९८८ मध्ये, पहिल्याच पर्वात, काळ्या डांबरासारख्या एका प्राण्याच्या हातून ताशाला मारून टाकलं. पद दिलं, वर्दी दिली, काम मात्र दिलं नाही.

मग चांगला सुरक्षा अधिकारी कसा असतो? तोही याच गोष्टींत सापडतो. १९९३ च्या 'डीप स्पेस नाइन'मध्ये दुकानं, खानावळी, देऊळ असं सगळं असलेलं अवकाशस्थानक आहे. तिथला ओडो बंदूक वापरत नाही. कोण कुणाचं देणं लागतो, कोण नेहमीपेक्षा गप्प आहे, यावर त्याची नजर असते. परक्यांचं राज्य जाऊन दुसरं आलं तरी त्याची जागा टिकली, कारण तो न्यायाने वागतो हे सगळ्यांना माहीत होतं. हा ओडो रूप पालटणारा आहे बरं का! दमला की त्याचं पाणी होतं आणि मग तो बादलीत विसावतो. त्याच्यासाठी बादली ठेवलेलीच असते.

त्याच सुमाराच्या 'बॅबिलॉन ५' मालिकेतल्या स्थानकावर माणसं आणि परग्रहवासी मिळून अडीच लाखांची वस्ती. प्रत्येकाची भाषा वेगळी, खाणं वेगळं, देव वेगळे. तिथल्या सुरक्षाप्रमुखाचे, गॅरिबाल्डीचे, हाल बघताना मला आमचं मीरा-भाईंदरच आठवतं. २०११ च्या जनगणनेत इथे आठ लाखांवर माणसं होती. उत्तनचे कोळी, गावठाणातले आगरी, आणि मग गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय, कोकणातून आलेले, सगळे एकाच लोकलमधून उतरणारे.

खऱ्या अंतराळ स्थानकावर मात्र सुरक्षा अधिकारी असं पदच नाही. शिस्तीची जबाबदारी कमांडरची; सुनीता विल्यम्सने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ती सांभाळली. कुणाच्या हातून गुन्हा घडलाच, तर १९९८ च्या करारानुसार मुख्यतः ज्याच्या त्याच्या देशाचा कायदा लागू होतो. पारखून निवडलेल्या सात-आठ जणांत हे चालतं. लाखोंच्या वस्तीत दारावर कुणीतरी लागतंच.

आमच्याकडे ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. पण आपल्या रोजच्या जगण्यात पहिली वर्दी दिसते ती सोसायटीच्या गेटवर, मॉलच्या दारात, दवाखान्यात. आणि त्या वर्दीत आता कितीतरी बायका आहेत. कुणी नवरा गेल्यावर आलेली, कुणी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी. त्यांच्याशी बोलायला बसलं, की पगाराच्या आधी दोन गोष्टी निघतात. बारा तासांच्या ड्यूटीत बसायला खुर्ची नाही आणि जायला संडास नाही. म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. ओडोला निदान बादली तरी होती हो!

गेटवरच्या बाईचं काम वही भरून घेण्यापुरतं नसतं. कुठल्या घरातली म्हातारी आज खाली उतरली नाही, कोणती मुलगी रोज रडत घरी येते, कुठला माणूस तीन दिवस उगाच घुटमळतोय, हे तिला सेक्रेटरीच्या आधी कळतं. पण तिला विचारतं कोण? ताशासारखंच, वर्दी आहे आणि ऐकणारं कुणी नाही.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना लागतो. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलं होतं. दुकानांत काम करणाऱ्यांना बसायचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यानेच दिला.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला नुसत्या चहापुरत्या बसू नका. एजन्सीचा परवाना बघायला मागा. गेटवर खुर्ची, पंखा आणि तळमजल्यावर संडासाची किल्ली, एवढं ठरावात लिहून घ्या. खर्च फार नाही. आणि येता-जाता तिला 'ओ वॉचमन' म्हणून हाक मारू नका, नाव विचारा. एखाद्या रात्री आपल्या लेकीला रिक्षातून उतरायला उशीर होईल, तेव्हा दारावर जागी असलेली ती एकटीच असेल.