असोद्याच्या जात्याचा आवाज कीबोर्डवर कसा वाजवायचा? समजून घ्या सॅम्पलरची गोष्ट

खान्देशातल्या लग्नात ऑक्टोपॅडवाला दोन काड्या प्लॅस्टिकच्या पॅडवर मारतो आणि आवाज येतो ढोलाचा, डफाचा, टाळांचा. समोर ना ढोल असतो, ना डफ. मग हा आवाज येतो कुठून?

उत्तर आहे सॅम्पल. खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला छोटा तुकडा म्हणजे सॅम्पल. आणि पॅड किंवा पट्टी दाबल्यावर त्यातला नेमका तुकडा वाजवतो, तो सॅम्पलर. गंमत म्हणजे 1985 साली रोलँड कंपनीने आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त बाहेरच्या मशीनला इशारा द्यायचा. आज तर वेगळं मशीनही लागत नाही. साध्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सॅम्पलर चालतो आणि डिसेंट सॅम्पलर, सेफोर्झांडो यांच्यासारखे सॅम्पलर फुकट मिळतात.

मग यात असोदा कुठून आलं?

जळगावजवळचं असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 साली त्यांचा जन्म इथे झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई घरातली, शेतातली कामं करताना गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली आणि 1952 साली त्यांचं पुस्तक आलं. म्हणून शब्द वाचले. पण ज्या घरघरीवर गावोगावच्या बायका ओव्या म्हणायच्या, तो जात्याचा आवाज काही कागदावर उतरत नाही. आता पीठ गिरणीतून येतं आणि जातं बऱ्याच घरांत लग्नाच्या हळदीपुरतं उरलंय.

बाजारात पियानो, व्हायोलिन, तबल्याची तयार सॅम्पल्स ढिगाने मिळतात. आपल्या गावचं जातं किंवा डफ हवा असेल, तर तो आपणच रेकॉर्ड करावा लागतो. फक्त रेकॉर्डिंग करून मात्र वाद्य तयार होत नाही. खरं काम पुढेच असतं.

एकच तुकडा का पुरत नाही?

समजा, बासरीचा एक सूर पांढरी एकमध्ये रेकॉर्ड केला. तोच तुकडा एक सप्तक वर वाजवायचा, तर साधा सॅम्पलर त्याचा वेग दुप्पट करतो. सूर वर जातो, पण तुकडा निम्म्या वेळात संपतो आणि बासरी कार्टूनमधल्या उंदरासारखी चिरकते. म्हणून दर तीन-चार पट्ट्यांमागे एक नवा सूर रेकॉर्ड करतात. प्रत्येक तुकड्याचा मूळ सूर कोणता आणि तो कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत वाजेल, हे सॅम्पलरला सांगायचं. याला म्हणतात की-मॅपिंग.

डफाचा प्रश्न वेगळा आहे. हळू मारलेली थाप म्हणजे जोरात मारलेल्या थापेचा कमी केलेला आवाज नव्हे. जोरात मारल्यावर कातड्याचा आवाजच बदलतो. पट्टी किती जोरात दाबली, हे कीबोर्ड 1 ते 127 या आकड्यांत सांगतो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. हळू, मध्यम आणि जोरात असे तीन थर रेकॉर्ड केले, की सॅम्पलर त्या आकड्यानुसार थर निवडतो.

पुढची अडचण अशी, की तोच तुकडा भराभर वाजला तर कान लगेच ओळखतात. डफ नाही, मशिनगन वाटते. त्यावर उपाय म्हणजे राउंड रॉबिन. एकाच थापेची चार रेकॉर्डिंग घ्यायची आणि ती आळीपाळीने वाजवायची. म्हणजे हिशोब बघा: चार प्रकारच्या थापा, तीन थर आणि प्रत्येकी चार वेळा, असे एका डफाचे 48 तुकडे. तुकडा कापतानाच त्याला 'डफ, काठ, जोरात, 3' असं नाव दिलं नाही, तर नंतर कोणता तुकडा कुठे लावायचा हेच कळत नाही.

जात्याचं काय करायचं?

जातं थापेसारखं वाजून थांबत नाही, फिरत राहतं. त्यासाठी लूप लागतो, म्हणजे पट्टी दाबून ठेवली तोवर तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. पण एका फेऱ्यातही जात्याचा आवाज सारखा नसतो. खुंटा पुढे ढकलताना वेगळा, ओढून घेताना वेगळा. म्हणून लूप पूर्ण फेऱ्यांचाच कापायचा. पाव फेरा जास्त आला, तरी ताल लंगडतो. रिकामं जातं आणि वैरण घातलेलं जातं असे दोन्ही आवाज घेऊन ते दोन पट्ट्यांवर लावता येतात.

साहित्य फार लागत नाही. पंखा, फ्रिज बंद असलेली खोली, मोबाइलवर वेव्ह फॉरमॅटमधलं रेकॉर्डिंग आणि तुकडे कापायला ऑडेसिटी. कोणता तुकडा कुठल्या पट्टीवर हे एसएफझेड नावाच्या फाइलमध्ये लिहितात. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. त्यामुळे उद्या एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं, तरी तुकडे आणि त्यांची मांडणी आपल्याकडे राहते.

आवाज कोणाचा, पैसे कोणाला?

1969 साली अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी जेमतेम सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. पुढे तो तुकडा सॅम्पल होऊन हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन यांना त्याचे पैसे मिळाले नाहीत. 2006 मध्ये ते बेघर अवस्थेत वारले.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात 1994 साली झालेल्या दुरुस्तीने वादक-गायकांना त्यांच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. पण गावातल्या डफवाल्याला हे सांगणार कोण? म्हणून रेकॉर्डिंगच्या आधीच आवाज कशासाठी हवा आहे ते त्याला समजावून सांगावं, मानधन ठरवावं, लेखी परवानगी घ्यावी. त्याची हरकत नसेल तर सॅम्पल्सच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवावी: वाजवणाऱ्याचं नाव, गाव, वाद्य, तारीख. जातं फिरवणाऱ्या आजीलाही हेच लागू.