फुकटचा दवाखाना?

आमच्या गावची काही मंडळी तालुक्याच्या कारखान्यात कामाला जातात. त्यांतला एक गडी परवा पारावर भेटला. सारखा खोकत होता. आम्ही विचारले, "किती दिवस झाले खोकला आहे?"

"झाले की तीन आठवडे."

"मग कामगारांच्या दवाखान्यात का गेला नाहीस?"

तो म्हणाला, "तिथं जाऊन काय करू? माझी पाळी सुटते तवर दवाखाना बंद होतो. खाडा करून गेलो, तर दोन तास रांग. आन् शेवटी म्हणतात, औषध संपलंय. फुकटचा दवाखाना तो, असाच असायचा! बाजारातून बाटली आणली की काम भागतं."

त्याची तक्रार खरी होती. पण 'फुकटचा' हा शब्द खरा नव्हता. कसा, ते पाहू.

१९४८ साली आपल्या देशात कामगारांच्या विम्याचा कायदा झाला. १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. १९५४ साली ती नागपूरला आणि मुंबईला आली. लोक तिला 'ईएसआय' म्हणतात. कामगाराच्या पगारातून तिची वर्गणी कापतात. मालकही आपला वाटा भरतो. २०१९ सालच्या जुलैपासून शंभर रुपये पगारामागे कामगाराचे ७५ पैसे आणि मालकाचे सव्वातीन रुपये, असा हिशेब ठरला.

आता आपणच हिशेब करा. पगार १२,००० रुपये आहे. कामगाराचे झाले ९० रुपये. मालकाचे झाले ३९० रुपये. दर महिन्याला एका माणसामागे ४८० रुपये जमा झाले. मग दवाखाना फुकटचा कसा?

या पैशांतून कामगाराला औषधपाणी मिळते. त्याच्या बायकामुलांनाही मिळते. आजारामुळे कामावर जाता आले नाही आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला, तर पैसेही मिळतात. रोजच्या पगारातल्या रुपयामागे ७० पैसे, असे वर्षात ९१ दिवसांपर्यंत. मात्र आधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. आजाराचे पहिले दोन दिवसही बहुधा धरत नाहीत.

दवाखाना चांगला कधी म्हणावा? इमारत मोठी असली म्हणजे तो चांगला होत नाही. कामगाराच्या सवडीला तो उघडा हवा. लिहून दिलेले औषध तिथेच मिळायला हवे. डॉक्टरांनी दुखणे नीट ऐकून घ्यायला हवे. गोळी कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची, हे औषध देणाऱ्याने समजावून सांगायला हवे. एवढे झाले, की माणूस समाधानाने घरी जातो. सांगितलेले औषध पुरे करतो.

समाधान झाले नाही, की माणूस दवाखान्याची वाट सोडतो. मग नुकसान कोणाचे? खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकी तपासून घ्यावी लागते. तो क्षयही असू शकतो. बाजारच्या बाटलीने खोकला दबतो, पण रोग आत वाढत राहतो. घरातल्या लेकरांनाही तो लागू शकतो.

हे ऐकून तो गडी गप्प झाला. मग म्हणाला, "आता काय करावं?"

आम्ही म्हणालो, "आधी उद्याच जाऊन थुंकी तपासून घे. मग अर्ज लिही. तुला आता लिहिता येते ना?"

तो दुसऱ्या दिवशी जाऊन थुंकी देऊन आला. मग चौघांनी मिळून अर्ज लिहिला. कोणत्या तारखेला गेलो, कोणते औषध मिळाले नाही, पाळी किती वाजता सुटते, सारे नीट लिहिले. शिवी नाही, रडगाणे नाही. खाली चौघांनी सह्या केल्या. एक प्रत दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना दिली. एक ईएसआयच्या कचेरीत दिली. आपल्याजवळच्या प्रतीवर पोचल्याची सही घेतली.

औषधे आता वेळेवर येऊ लागली आहेत. दवाखान्याची वेळ अजून बदललेली नाही. त्यासाठी ते दुसरा अर्ज लिहिणार आहेत. या वेळी चाळीस सह्या होणार आहेत.

बाजारात पैसे मोजून घेतलेले धान्य मापात कमी भरले, तर आपण गप्प बसतो का? नाही ना? मग दवाखान्यात तरी का बसावे? तिथेही पैसे आपण मोजलेलेच आहेत.