कार्यकर्त्याचें पत्र

नाशिकच्या गंगापूर रोडवर नाशिक जिल्हा मराठा विद्याप्रसारक समाजाचें मुख्य कार्यालय आहे. १९१४ सालीं स्थापन झालेली ही संस्था सभासदांच्या बळावर वाढली. असें बळ नुसत्या कळकळीनें जमत नाहीं. ती कळकळ दुसऱ्याच्या मनापर्यंत पोंचावी लागते. पूर्वीं हें काम छापील पत्रक करीत असे, आतां ईमेल व मोबाईलवरील संदेश करितात. साधन बदललें, वाचकाचें मन मात्र तेंच आहे.

अंताजीपंत काळे यांच्या पैसाफंडाचें उदाहरण घ्यावें. मागणी एका पैशाची असल्यामुळें ‘हें झेपणार नाहीं’ असें म्हणण्यास कोणासहि जागा उरली नाहीं. आणि १९०८ मध्यें तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला, तेव्हां पैसा कोठें गेला हें लोकांना डोळ्यांनीं दिसलें.

संदेशांतहि मागणी एकच आणि नेमकी असावी. ‘सहकार्य करावें’ असें वाचून वाचक मान डोलवितो व पुढें जातो. ‘रविवारीं सकाळीं सात वाजतां रोपें लावावयास शाळेच्या आवारांत यावें’ असें वाचून तो घड्याळाकडे पाहतो. विषयाच्या ओळींत ‘अत्यंत महत्त्वाचें’ असें लिहिण्याऐवजीं कामाचेंच नांव द्यावें, आणि वाचकास त्याच्या नांवानें हांक मारावी.

सर्वांत अधिक हेळसांड होते ती नंतरच्या पत्राची. मदतीची पोंच, खर्चाचा हिशेब आणि झालेल्या कामाची हकीकत मागणीवांचून कळविली पाहिजे. गरजेपुरत्या येणाऱ्या पाहुण्यास दार उशिरां उघडतें. गरजेपुरत्या पत्राचेंहि तसेंच होतें.