दुखणें आणि दप्तर

महसूल खात्यांत ३४ वर्षें कारकुनी करून निवृत्त झालेल्या या लेखकानें जन्मभर इतरांस ‘कागद पुरे करून आणा’ असें सांगितलें. तेंच वाक्य स्वतः ऐकण्याचा प्रसंग गेल्या कार्तिकांत आला.

आमच्या थोरल्या बंधूंस जिभेच्या कडेस व्रण झाला होता. तीन महिने त्यांनीं तो कोणास दाखविला नाहीं. मरणापेक्षां विहिरीजवळची दोन एकर जमीन विकावी लागेल, याचेंच भय त्यांस अधिक होतें. अखेर तुकडा काढून तपासल्यावर कर्करोग ठरला.

वस्तुतः असल्या दुखण्यांकरितांच महाराष्ट्र सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली; २०१७ सालीं तिला सध्यांचें नांव मिळालें. कुटुंबास वर्षाकाठीं दीड लक्ष रुपयांचें संरक्षण होतें, तें १ जुलै २०२४ पासून ५ लक्षांचें झालें. मात्र उपचार यादींतला व रुग्णालय योजनेशीं जोडलेलें असावें लागतें, आणि तांतडीचा प्रसंग वगळतां मंजुरी आधीं मिळावी लागते. रुग्णालयांतील आरोग्यमित्र त्या कामीं साह्य करतो.

येथेंच आमचा गाडा अडला. शिधापत्रिकेवर बंधूंचें नांव घरगुती, आधारपत्रावर निराळें. दुरुस्तीस ११ दिवस लागले. रोज सकाळीं बंधू दुखण्याविषयीं कांहीं न विचारतां ‘मंजुरी आली का?’ एवढेंच विचारीत. दोष कोणास द्यावा? १९९९ सालीं पत्रिका बदलल्या, तेव्हां तो अर्ज मींच लिहिला होता.

पुढें मंजुरी आली, शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार चालू आहेत. जमीन राहिली. परंतु मोटारभाडें, सोबत्यांचें जेवण व बुडालेला हंगाम यांची भरपाई योजनेंत नाहीं. त्यापायीं एक कालवड विकावी लागली.

पेरणीपूर्वीं आपण बियाण्याची उगवण पाहतों; तद्वत् प्रकृति धड आहे तोंच घरांतील प्रत्येकाचें नांव व जन्मतारीख दोन्ही कागदांवर ताडून पाहावी. तोंडांतला व्रण पंधरवड्यांत भरून न आल्यास, खर्चाचा हिशेब बाजूस ठेवून, तो वैद्यास दाखवावा.

सोसायटीच्या कचेरींत दर महिन्याच्या पहिल्या बाजारदिवशीं बसून हे अर्ज विनामूल्य लिहून देण्यास मी तयार आहें. त्या ११ दिवसांचें ऋण तेवढ्यानें कांहीं अंशीं तरी फिटेल.