अभिजात स्पोर्ट्स कारमधील वातानुकूलन यंत्रणेचे पुनरुज्जीवन

जुन्या स्पोर्ट्स कारमधील निकामी वातानुकूलन यंत्रणा पुन्हा कार्यक्षम करण्याच्या प्रक्रियेस वातानुकूलन यंत्रणेचे पुनरुज्जीवन म्हणतात. १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत बहुतेक मोटारींत आर-१२ हे प्रशीतक वापरले जात असे. ते ओझोन थरास हानिकारक असल्याने १९८७च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला. आता अशा मोटारींत सामान्यतः आर-१३४ए भरले जाते.

मात्र केवळ प्रशीतक बदलणे पुरेसे नसते. आर-१२ सोबत वापरले जाणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परत न आल्यास कॉम्प्रेसर वंगणाअभावी निकामी होतो. त्यामुळे यंत्रणा आतून धुऊन एस्टर तेल घालतात आणि ओ-रिंग व ड्रायर बदलतात. पोर्शे ९११च्या जुन्या आवृत्त्यांत कॉम्प्रेसर मागे इंजिनाजवळ, तर बाष्पीभवक पुढे असल्याने नळ्या लांब असतात. जुन्या रबरातून प्रशीतक झिरपत असल्याने गळतीरोधक अस्तर असलेल्या नळ्या बसवतात. उष्ण प्रदेशात आर-१३४ए चा दाब अधिक वाढतो. तेथे अधिक क्षमतेचा कंडेन्सर उपयुक्त ठरतो. अखेरीस निर्वात पंपाने हवा व ओलावा काढून प्रशीतक मोजून भरतात. उरलेले आर-१२ वातावरणात न सोडता सिलिंडरमध्ये जमा करणे आवश्यक असते.