तीन दावे फेटाळले, की फी आधी

अमेरिकेत कैद्याला वकिलाशिवाय, स्वतः अर्ज लिहून फेडरल कोर्टात दाद मागता येते. क्लॅरेन्स गिडियनने फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जामुळेच 1963 मध्ये, गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला वकील पुरवलाच पाहिजे, असा निकाल आला. पुढे मात्र अशा दाव्यांचा ढीग वाढला. एकच तक्रार पुन्हा पुन्हा आणणारेही त्यात होते. म्हणून 1996 मध्ये तिथल्या संसदेने ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म अ‍ॅक्ट’ केला.

या कायद्याने गरीब कैद्यालाही फी माफ होत नाही, फक्त हप्ते मिळतात. 350 डॉलर त्याच्या तुरुंगातल्या खात्यातून, महिन्याच्या जमेच्या 20 टक्क्यांप्रमाणे वळते होतात. खरी मेख पुढे आहे. कैदेत असताना लावलेले तीन दावे किंवा अपिले बिनबुडाची, त्रास देण्यासाठी केलेली किंवा कायद्याने दाद मागण्याजोगे काही न मांडणारी म्हणून फेटाळली गेली, की हप्ते बंद. पूर्ण फी आधी भरा. अपवाद एकच : गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तर. पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही या तिनांत धरायचा, असे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ठरवले.

कायदा न शिकलेल्या माणसाचा फसलेला मसुदा आणि मुद्दाम दिलेला त्रास एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. शिवाय अडवलेली पत्रे किंवा नाकारलेली प्रार्थना ही काही शारीरिक इजा नव्हे. त्यामुळे तीन दावे गमावलेल्या कैद्याला अशा तक्रारीसाठी सगळी फी आधीच मोजावी लागते.