जाम झालेला प्लग

एक चूक आधी कबूल करतो. ती माझीच आहे, आणि ती भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने केलेली असल्यामुळे थोडी जास्तच बोचते.

गोष्ट कोकणातल्या एका बंदरावरची. माझा एक जुना विद्यार्थी तिथून रोज पहाटे मासळी भरून बाजारात नेतो. त्याचे पिकअप लहान, पेट्रोलवर चालणारे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, तेव्हा हातात होते ते चारदोन दिवसच कमाईचे. गाडी धक्के देऊ लागली म्हणून त्याने चार स्पार्क प्लग बदलायला घेतले. तीन निघाले, चौथा हलेना. त्याने मला फोन केला, "सर, पाना लावून दमलो. काय करू?"

मी म्हणालो, "अरे, इंजिन चांगले गरम कर आणि मग काढ. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते. भोक मोठे होईल, प्लग आपोआप सैल होईल."

त्याने तसेच केले. प्लग अर्धा फेरा फिरला, करकरला, पुन्हा अडकला. त्याने पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून जोर लावला तेव्हा प्लग निघाला, पण त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत वेटोळे अडकून आले. हेडमधले आटेच सोलून निघाले होते. नवा प्लग बसायला जागाच उरली नाही. दोन दिवस गाडी उभी राहिली आणि मासळी दुसऱ्याच्या टेम्पोने गेली.

माझे विधान तसे खोटे नव्हते. मग चुकले कुठे?

प्रथम हा प्लग असतो कुठे ते पाहू. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि प्लगच्या टोकाशी विजेची ठिणगी पाडून ते पेटवले जाते. (मोठी पिकअप वाहने आपल्याकडे बहुधा डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यात स्पार्क प्लग नसतोच.) सिलिंडरवरच्या झाकणाला हेड म्हणतात. हल्ली ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. प्लगचे बाहेरचे कवच मात्र पोलादाचे, त्यावर जस्ताचा किंवा निकेलचा पातळ मुलामा. नेहमीच्या एका प्रकारात आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, लांबी १९ मिलिमीटर आणि एका फेऱ्यात प्लग १.२५ मिलिमीटर पुढे सरकतो. तो बसवताना साधारण २५ न्यूटन-मीटर इतका पीळ देतात. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका जोर. एवढ्याने प्लग आपल्या बैठकीवर किती दाबला जातो? ढोबळ हिशेबाने सुमारे ९०० किलोग्रॅम वजनाइतका! इंजिनातला वायू पेटला की तो प्लगला बाहेर ढकलतो. दाब वातावरणाच्या ५० पट धरला तरी १४ मिलिमीटर व्यासाच्या भोकावर हे बल ८० किलोग्रॅमच्या आत राहते. म्हणून प्लग उडून जात नाही.

आता जाम होण्याकडे वळू. सगळे म्हणतात, "प्लग गंजला." वरचा षट्कोनी भाग तांबूस दिसतो, म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. गंज अडकवतो कसा, हे तुम्हाला गणितानेच काढता येईल. १ घन सेंटिमीटर लोखंडाचे वस्तुमान ७.८७ ग्रॅम. ते सगळे फेरिक ऑक्साइडमध्ये बदलले तर सुमारे ११.२५ ग्रॅम ऑक्साइड होईल. ऑक्साइडची घनता घन सेंटिमीटरला ५.२५ ग्रॅम धरली तर आकारमान येते २.१ घन सेंटिमीटरच्या थोडे वर. म्हणजे गंज लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. पाणी धरलेला खरा गंज तर याहून फुगीर असतो. आट्यांमधल्या चिंचोळ्या फटीत ही जागा मिळणार कुठून? मग तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंना रेटतो.

पण या गाडीच्या आट्यांत तांबडा गंज फारसा नव्हताच. होती ती पांढरी पूड. मासळीच्या खोक्यांतून बर्फाचे खारे पाणी गळायचे, संध्याकाळी गाडी पाण्याच्या पाइपने धुवायची आणि प्लगवरचे रबरी टोपण चिरलेले. पाणी प्लगच्या खोबणीत साचून राहिले. अ‍ॅल्युमिनियम, पोलाद आणि मध्ये मिठाचे पाणी! पाठ्यपुस्तकात विद्युत घटाची आकृती पाहिली आहे ना? दोन वेगळे धातू आणि त्यांना जोडणारा विद्युतवाहक द्राव. इथे घट तयार झाला, फक्त दिवा लावायला तारा नव्हत्या. क्रियाशीलता श्रेणीत अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे, म्हणून झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. त्यातून होणारे हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा व्यापते. लोखंडाच्या गंजापेक्षाही ही पाचर जाड. खाऱ्या हवेच्या गावांत अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे पोलादी स्क्रू काढताना सुतार का वैतागतात, त्याचे कारण हेच.

आता माझा सल्ला तपासू. तापवल्यावर भोक मोठे होते की लहान, असा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारतो आणि निम्मे हात "लहान" म्हणून वर जातात. भोक मोठेच होते. भोकाच्या कडेवर एक वर्तुळ काढले आहे अशी कल्पना करा. सगळा पत्रा प्रसरण पावताना ते वर्तुळही ताणले जाणारच. अ‍ॅल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.००००२३ आणि पोलादाचा ०.००००१२. फरक ०.०००０११. इंजिन ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले, म्हणजे ६० अंशांनी तापले तर

१४ × ०.००००११ × ६० = ०.००९२ मिलिमीटर

एवढी जादा जागा मिळाली. मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा नाही. डोक्याचा केस याच्या सातआठ पट जाड असतो. आणि ती जागा मोकळी कुठे होती? तिथे पूड ठासून भरलेली होतीच.

याहून मोठी चूक वेगळी आहे. मी भोकाच्या रुंदीचा विचार केला, लांबीचा केलाच नाही. अ‍ॅल्युमिनियम सगळ्या दिशांनी वाढते. १९ मिलिमीटर लांबीच्या आट्यांसाठी तोच हिशेब करा:

१९ × ०.००००११ × ६० = ०.०१२५ मिलिमीटर

म्हणजे हेडमधले आटे प्लगच्या आट्यांपेक्षा लांबीने इतके जास्त पसरले. दोन कंगवे एकमेकांत अडकवले आहेत आणि त्यांपैकी एकाचे दात किंचित विरळ झाले आहेत असे समजा. मधले दात नीट बसतील, पण दोन्ही टोकांचे दात एकमेकांवर घासतील. जी थोडी मोकळीक रुंदीत मिळाली, ती लांबीने परत घेतली. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमची ताकद पोलादापेक्षा लवकर घटते. म्हणून घासला गेला तो अ‍ॅल्युमिनियमचा आटा. तो लोण्यासारखा प्लगला चिकटला आणि सोलून निघाला. गॅरेजचे मिस्त्री नंतर शांतपणे म्हणाले, "सर, गरम हेडला प्लगचा पाना लावायचा नसतो." त्यांनी यातले एकही गणित केलेले नव्हते.

यानंतर मी वाचायला घेतले, तेव्हा अमेरिकेतले एक प्रसिद्ध उदाहरण सापडले. तिथे पिकअप पेट्रोलवरच चालण्याची रीत मोठी. फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या पिकअपमध्ये २००४ पासून ५.४ लिटरचे, दर सिलिंडरला तीन झडपा असलेले आठ सिलिंडरचे इंजिन येऊ लागले. त्याचे प्लग वेगळ्या घडणीचे होते. आट्यांच्या खाली एक लांब, पातळ नळी आणि ती वरच्या कवचाला नुसती दाबून जोडलेली. ही नळी हेडमधल्या भोकात खोल बसायची आणि तिच्याभोवतीच्या फटीत जळणाचा कार्बन साचून घट्ट व्हायचा. प्लग फिरवला की वरचा भाग हातात आणि नळी आतच! गंजाचा इथे फारसा संबंधच नाही. अखेर कंपनीला दुरुस्ती करणाऱ्यांसाठी खास सूचनापत्रक काढावे लागले. त्यातला पहिला मुद्दा हा, की इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लगला हात लावू नये. पुढे, प्लग अगदी थोडासा फिरवावा, कार्बन सैल करणारा द्रव खोबणीत ओतावा, थांबावे आणि मग मागेपुढे करत काढावा. पुढे एकसंध कवचाचे प्लग आले, तेव्हा हा त्रास कमी झाला. गंमत अशी, की याच घराण्याच्या आधीच्या काही इंजिनांत उलटाच त्रास होता. त्यांच्या हेडमध्ये प्लगला धरणारे आटे जेमतेम चार, त्यामुळे प्लग चालत्या गाडीत उडून बाहेर यायचा.

थंड इंजिन, तेल आणि सबुरी. या उपायामागचे शास्त्रही पाहण्यासारखे आहे. फटीत तेल ओतावे लागत नाही, ते ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल चढते तेच हे केशाकर्षण. फट जितकी चिंचोळी तितकी ओढ जास्त, पण घर्षणही जास्त. या दोहोंच्या झगड्यात तेल जितके खोल जाते ते काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे पहिल्या १० मिनिटांत ते जेवढे आत गेले, त्याच्या दुप्पट जायला ४० मिनिटे लागतील आणि तिप्पट जायला दीड तास. म्हणून जाणता मिस्त्री रात्री तेल टाकतो आणि सकाळी पाना घेतो. तेलही पातळ हवे. इंजिनाचे तेल रॉकेलपेक्षा शंभरपटीच्या आसपास दाट असते, ते या कामी निरुपयोगी. रॉकेल, किंवा फवाऱ्याच्या डब्यात मिळणारे गंज सोडवणारे तेल वापरतात. अर्थात हे द्रव पेट घेणारे आहेत, तेव्हा जवळ ज्योत नको, इंजिन थंड हवे आणि बॅटरीची तार काढलेली हवी. आणि हे काम जाणत्या माणसाबरोबरच करावे.

तेल टाकण्याआधी खोबणीतली वाळू हवेच्या फवाऱ्याने उडवून द्यायची, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. मग पान्याने आठवा हिस्सा फेरा उलटा, लगेच तेवढाच सुलटा, पुन्हा थोडे तेल. ही मागेपुढे हालचाल काय करते? पूड दळली जाते, आट्यांमधली फट उघडते आणि तेल पुढे सरकते. सरळ एकाच दिशेला ओढले तर पूड पुढेपुढे ढकलली जाऊन एके ठिकाणी गच्च बसते. आमच्याकडे नेमके हेच झाले. पाइपचा मोह तर टाळावाच. एक मीटर पाइपला २० किलोग्रॅम वजनाइतका जोर म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर, बसवतानाच्या पिळाच्या आठपट. एवढ्याने आटे सुटतात किंवा प्लगची मानच तुटते.

प्लग निघाल्यावर सिलिंडरमध्ये उतरलेले तेल विसरू नका. द्रव दाबला जात नाही. म्हणून नवा प्लग लावण्यापूर्वी इंजिन काही फेरे मोकळेच फिरवून ते बाहेर फेकून द्यावे लागते.

नवा प्लग आधी हाताने लावायचा. मिस्त्री प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून तो फिरवतात. आटा तिरका लागला तर नळी निसटते आणि हेड वाचते. पुष्कळ जण आट्यांना ग्रीस फासतात. दिसायला ही शहाणपणाची गोष्ट वाटते, पण प्लग बनवणारे काही कारखाने तिला नको म्हणतात. पान्याला लावलेल्या पिळाचा मोठा भाग घर्षणात खर्च होतो. ग्रीसने घर्षण कमी केले की त्याच पिळात प्लग कितीतरी जास्त ओढला जातो आणि मऊ आटे ताणले जातात. ग्रीस लावायचेच तर अगदी थोडे, आणि पीळ कमी करून.

त्या चौथ्या भोकात मिस्त्रींनी मोठे आटे पाडून पोलादी तारेचे वेटोळे बसवले. त्याच्या आत आता नवा प्लग आहे, आणि रबरी टोपणही नवे आहे. माझ्या विद्यार्थ्याने मला एवढेच विचारले, "सर, जुन्या इंजिनांची हेडे ओतीव लोखंडाची असायची. तिथे तुमचा सल्ला चालला असता का?" ओतीव लोखंडाचा प्रसरणांक दर अंशाला साधारण ०.००००१०५ आहे. वर केलेला १४ मिलिमीटरचा हिशेब या आकड्याने पुन्हा करून पाहा, आणि उत्तराचे चिन्ह नीट बघा.